फॉस्फरस, उणे चौतीस

क्रूस तुटला तेव्हा वारासुद्धा नव्हता.
उणे चौतीस. चर्चच्या कुलपाला बोट लावलं
तर कातडी तिथेच राहील अशी सकाळ.
पेन्टीच्या फावड्याचा दांडा लागला म्हणे, तेवढंच,
आणि खापरपणजोबा कुस्टाच्या क्रुसाचा डावा हात
बर्फात पडला, बशी फुटावी तसा.

मी तो पावाच्या पिशवीतून ओतशाळेत आणला.
ताउनोने चष्मा कपाळावर चढवला,
तुटीवरून अंगठा फिरवला. "तळ्याचं बीड."
मी यंत्रावर ठिणगी पाडली. कागद बाहेर आला:
कार्बन साडेतीन, सिलिकॉन दोन,
फॉस्फरस एकाला जरासा कमी.
ताउनोने कागद पाहिला नाही.

कुस्टाच्या काळी गोठलेल्या तळ्याला भोकं पाडून
लांब दांड्याच्या झाऱ्याने तळचं खनिज उपसत,
नाण्यांएवढ्या तपकिरी चकत्या.
फॉस्फरस त्यांच्यातच मुरलेला.

वीस वर्षं मी हेच मोजते.
सिलिकॉन कमी पडला की बीड पांढरं गोठतं,
काचेसारखं कडक, कानशीला दाद देत नाही.
पुरेसा असला की कार्बन पापुद्र्यापापुद्र्याने सुटा होतो,
तुटीला शिसपेन्सिलीचा रंग येतो.
गंधक मँगनीजच्या गळ्यात बांधायचा.
वाण नाही पण गुण लागतो,
आणि तो शतांशात लागतो.
फॉस्फरस मी कायम तळाशी ठेवला.
आम्ही पंपांची धडं ओततो.
पंपाला पानंफुलं नसतात.

क्रुसावर मात्र लिली आहेत.
पानांच्या शिरा अजून नखाला लागतात.
माझ्या स्वच्छ बिडाने दोनदा ओतून पाहिलं:
कडा बोथट, शिरा गायब,
कुणी लोकरी हातमोजे घालून कोरल्यासारखं.
"फॉस्फरस असला की ते पाण्यासारखं धावतं," ताउनो म्हणाला,
"शिराशिरांत शिरतं. मग थंडीत वसूल करतं."
आई फोनवर म्हणाली, एकशे चाळीस हिवाळे काढले ना त्याने?

शुक्रवारी तो तुटका हातही भट्टीत गेला.
आकडा लिहिला, खोडला,
शून्य पूर्णांक चार लिहिलं.
पाचर ओतली, गार केली, हातोड्याने तोडली:
टोकाला नखाएवढं पांढरं, बाकी करडं.
ताउनोने मान हलवली,
होकार होता की मान अवघडली होती, कळलं नाही.

शिरा आल्यात. सगळ्या नाहीत.
पेन्टीला मी एवढंच सांगितलंय,
त्या बाजूचा बर्फ
हाताने काढ.