खाली कुर्सी

पोस्टाच्या बचत खिडकीवर एकतीस वर्षं
मी सह्या जुळवल्या.
कार्डावरची एक, फॉर्मावरची एक.
शेपूट जरा आखूड दिसलं की कागद परत सरकवायचो,
"पुन्हा करा, ही तुमची नाही."
माणसं आपल्याच नावापुढे
घाबरून उभी राहायची.

म्हणून असेल, रजिस्टर माझ्याकडे आलं.
"मुळ्ये बाबूजी, आप ही रखो,
आपको कोई ना नी बोलेगा."

इंदुरापासून पाऊण तासावरचं गाव,
गंगवाल स्टँडवरून बस.
नळाला पाणी पाचव्या दिवशी,
आणि बाजार गल्लीत पाइपासाठी खणलेली चारी
दोन उन्हाळे तशीच उघडी.
तिच्यात एरंड उगवून कमरेएवढा झाला.

कायदा वाचला तर
आमच्या सह्यांना त्यात जागाच नव्हती.
पंधरातल्या बारा पार्षदांनी
कलेक्टरपुढे सही करायची,
मग मतदान, चित्रं दोनच:
भरी कुर्सी, खाली कुर्सी.
आमचं रजिस्टर म्हणजे नुसता धक्का,
बंद पडलेल्या जीपला मागून देतात तसा.

दिला.

केसरबाई त्याच चारीत पडलेल्या,
उजवा हात प्लास्टरात.
"डावा अंगठा चालेल का?"
सैफुद्दीनभाई हार्डवेअरवाले,
उजवीकडून डावीकडे, सावकाश,
खिडकीवर करायचे तशीच.
पिठाच्या गिरणीवाल्यानं विचारलं,
"पेन्सिलीने केली तर?"
मी म्हटलं, करा.
दुसऱ्या दिवशी येऊन
त्यानं स्वतःच वरून पेन फिरवलं.

अकरा पार्षद झाले.
बारावा, वॉर्ड नऊचा गोकुळ,
बडनगरला सासरी जाऊन बसला.
आम्ही तीन दिवस त्याच्या ओट्यावर,
त्याची बायको चहा देत होती, बोलत नव्हती.
चौथ्या दिवशी तो आला,
उभ्यानंच पानं उलटत राहिला,
आणि एका ओळीवर थांबला.
आईची सही.
पेन्शनच्या फॉर्मावर करते तशी,
नावातल्या प्रत्येक अक्षराला वेगळी शिरोरेषा.
"ये कब आई?"
कुणीच उत्तर दिलं नाही.

नोटिशीची पोच फिरत आमच्याकडेही आली.
लोकेंद्र मंडलोई, अध्यक्ष.
याचं खातं मीच उघडलं होतं,
नऊ वर्षांचा, वीस रुपये मुठीत ओले झालेले.
ल तेव्हाही मागे कललेला,
कुणी खांद्याला धरून ओढावं तसा.
सही जुळत होती.
त्या रात्री मला जेवण गेलं नाही,
बायको म्हणाली, अहो, तुम्ही काही चोरी केली नाही.

मतदानाच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या आडोशामागे,
खाली कुर्सीचं चित्र पाहिलं
आणि आठवली खिडकीमागची माझी खुर्ची,
रिटायर झालो त्या संध्याकाळी
बॅग घ्यायला परत वळलो तेव्हाची.
गादीवर अजून माझा खळगा होता.
बाहेर कुणीतरी खाकरलं.
बटण दाबलं मी, कोणतं ते विचारू नका.
बरं, खालीच दाबलं.

एक्केचाळीस मतांनी हरलो.
ढोल त्यांच्या दारात वाजले,
पेढे मात्र आमच्याही घरी आले,
घेतले, काय करणार, गावात राहायचं असतं.

आठवड्यानं चारी बुजली.
पाणी अजून पाचव्याच दिवशी.
लोकेंद्र आता रस्त्यात गाडी थांबवून
"प्रणाम, बाबूजी" म्हणतो,
आणि मी काही बोलेन म्हणून थोडा वेळ थांबतो.
मी एरंडाविषयी बोलतो.

काल दुपारी कांद्याच्या ट्रॉलीवरून
एक म्हातारा उतरला, मळ्यातून आलेला.
घाम पुसून म्हणाला,
"वो कुर्सी वाला रजिस्टर याँ पे है?"
मतदान होऊन वीस दिवस झालेले.
मी सांगायला तोंड उघडलं,
मग आत गेलो, चष्मा शोधला,
पुढचं कोरं पान काढलं.
त्यानं हात आधी धोतराला पुसला.
"कहाँ करूँ?"
मी बोट ठेवून जागा दाखवली.