चार बोटं जागा

वॉर्सातून दोन प्राध्यापक पाचगणीला आले.
थोरला आधी पक्षाचा इतिहास शिकवायचा,
आता देशाचा.
सॅनेटोरियमपाशी पाटी लावायची होती,
लढाईतून निसटून
इथं खोकत मेलेल्यांची.

बापाचं रजिस्टर उघडून मी नावं वाचत गेलो.
रुझा फेल्डमन, वय नऊ.
"ही गाळा. तशी ती आमची नव्हे."
धाकटा चष्मा पुसत राहिला,
बराच वेळ.

नावापुढं बापानं मोडीत लिहिलेलं:
ताप एकशेतीन. रात्रभर आईला हाका,
पोलंडच्याच बोलीत.
मोडी त्यांना येत नव्हती.
मला येत होती.

जेवायची वेळ झालेली.

वाईच्या पाथरवटानं शेवटच्या नावाखाली
चार बोटं जागा सोडली.
का, ते मी विचारलं नाही.
आषाढात शेवाळ
आधी तिथंच धरतं.