तराजूवाली

जांभळी नाक्याच्या दुकानात हातिमभाईंनी
काउंटरवर जुनं वर्तमानपत्र पसरलं
आणि त्यावर पितळी डबी उपडी केली.
सतरा नाणी. काळपट, कडा कुरतडलेल्या.
"रोमचे बादशहा आहेत," म्हणाले,
"भंगारवालाही घेईना. बघ तुला कोणी ओळखीचा दिसतो का."

मी पस्तीस वर्षं रबाळ्याला काढली, प्लेटिंग खात्यात.
धातू काय लपवतो ते मला
चष्मा न लावताही कळतं.
एक उचललं. गालाच्या उंचवट्यावर तांबं,
पण डोळ्याच्या खोबणीत, कानामागे,
अक्षरांच्या बेचक्यात अजून पांढरी साय.
म्हणालो, हातिमभाई,
हे तर आमचंच काम आहे.

घणसोली, सेक्टर नऊ. सुगंधा झोपली
की मी दिवा खाली ओढतो.
डिस्टिल्ड पाणी, टूथपिक, नातवाचा टाकून दिलेला ब्रश.
अ‍ॅसिड नाही. अ‍ॅसिडने मळ सुटतो,
आणि त्याच्यासोबत जे ठेवायचं असतं तेही.
तीन आठवड्यांनी एक अक्षर वर आलं : जी.
मग ए. मग दोन उभ्या काठ्या.
यू च्या जागी ही माणसं वी कोरतात
हे साठीला आल्यावर शिकलो.
गॅलिएनस.
डोक्यावर टोकदार किरणांचा मुकुट, दाढी नीट राखलेली,
मान हमालासारखी जाड.
याच्या बापाला इराणच्या शहाने लढाईत धरून नेलं,
तो परत आलाच नाही.
पोरगा पुढं आठ वर्षं एकटा नाणी पाडत राहिला.
फौजेचा पगार, फुटलेले सुभे,
आणि दर खेपेला
चांदी थोडी कमी.

थोडी कमी म्हणजे किती, ते मला पुस्तकाने सांगायला नको.
ऑर्डर आठ मायक्रॉनची असायची.
खिमजी शेठ दारात उभे राहून
नुसती पाच बोटं दाखवायचे.
तोंडाने एकदाही बोलले नाहीत.
मी टाकीतून रॅक लवकर उचलायचो.
समया, अत्तरदाण्या, बारशाचे वाळे.
एवढ्याशा पायांवर ते किती दिवस पांढरे राहिले
याची नोंद कुठल्याच रजिस्टरला नाही.

मागची बाजू साफ व्हायला दिवाळी उजाडली.
उभी बाई. डाव्या हाताला फळांनी भरलेलं शिंग,
उजव्या हातात तराजू.
कडेने नाव : एक्विटास. चोख माप, सगळ्यांना सारखं.
शंभरात पाच भागही चांदी नसेल त्या नाण्यावर!
मी एवढ्या मोठ्याने हसलो की सुगंधा उठून आली.
"कोण आहे ही?"
"वजन करणारी."
तिने भिंग डोळ्याला लावलं, बराच वेळ पाहिलं.
"हिच्या पारड्यांत तर काहीच नाही,"
म्हणाली, आणि पाणी पिऊन परत गेली.

चालताना तिचे पैंजण वाजले.
लग्नात दिलेले. रात्रपाळीत, शेठला न विचारता,
मी त्यांवर बारा मायक्रॉन चढवले होते.
चोरीच ती.
तेहतीस वर्षांनी आता घोट्याच्या हाडापाशी
तांबूस झालेत. मी म्हटलं होतं, पुन्हा करून आणतो.
"राहू दे," म्हणाली, "कोण बघतंय तिथं."

सतरातल्या एका नाण्यावर छिन्नीचा घाव आहे,
बादशहाच्या गालावरून थेट कानापर्यंत.
कुठल्याशा पेठेत कोणीतरी पारखून पाहिलं असणार,
आत काय आहे ते.
लाल दिसलं असणार.

काल रात्री बोट फिरवलं त्या घावावरून.
त्याची कडसुद्धा झिजून गुळगुळीत झाली आहे.
म्हणजे कळल्यानंतरही
कोणीतरी ते घेतलं.
आणि पुढे दिलं.
आणि पुढच्यानेही.