चरा

महाराणी रोडच्या मागच्या गल्लीत
अन्सारमियाँच्या अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर
शनिवारी आठला अर्धं खाली येतं.
शिंत्रे आणि पागनीसबाई वाकून आत शिरतात.
मला वाकावं लागत नाही, मी बुटका.

तबकड्या एकोणीस.
महूच्या कबाड्यानं किलोवर दिलेल्या,
कुण्या साहेबाच्या बंगल्यातून निघालेल्या.
एकदा गोदामात नळ फुटला,
लेबलं सुटून पाण्यावर तरंगली,
तेव्हापासून एकाही गाण्याला नाव नाही.
आम्हीच ठेवली: टेम्पो. लोणचं. पागनीसबाईंचा जिना.
गाणारे कोण, कुठले, ठाऊक नाही.
एक कव्हर तेवढं वाचलंय,
सहा जण, नारंगी कोट,
एकाच्या बुटाची नाडी सुटलेली.

वाद एकच, बावीस वर्षं:
यातलं सगळ्यात फंकी कोणतं?

शिंत्रे म्हणतात, टेम्पो.
"तो बास ऐका. मरीमाता चौकात
बंद पडता पडता पुन्हा धरलेलं इंजिन आहे.
चार मात्रांत एकच घरची,
बाकी तिघी पाहुण्या."
शिंत्रे साडेतीन वर्षं तबला शिकले,
मग गुरुजींनीच त्यांना बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणून दिला.

पागनीसबाई टेलिफोन एक्स्चेंजात होत्या.
बासकडे त्यांचं लक्षच नसतं.
"गिटार बघा काय करतंय.
काही वाजवत नाहीये, नुसतं खाजवतंय.
न वाजवलेल्या सुरांचा पगार घेतंय लेकाचं."
जिन्यात ड्रमवाला एक पायरी गाळतो,
आणि माहीत असूनही दर वेळी
आपला पाय पोकळीत पडतो.
त्यांना तेच हवं असतं.

अन्सारमियाँ सोल्डरच्या धुरातून म्हणतात,
"भिया, फंकी म्हणजे वास.
बरणी उघडली की शेजारीण विचारते, कधी घातलं?
लोणचं. बस्स."

लोणच्याला एक चरा आहे.
दुसऱ्या मिनिटाला गाणारा "हं" म्हणतो,
सुई मागे उडते, पुन्हा "हं",
पुन्हा "हं",
चौथ्याला अन्सारमियाँ टेबलाला खालून गुडघा मारतात
आणि गाणं पुढे सरकतं.
हे सगळं तालात होतं.

गेल्या शनिवारी शिंत्र्यांची नात आली, अक्षता.
तिनं फोन स्पीकरसमोर धरला, हसली,
म्हणाली, आजोबा, सापडलं, याचं नाव आहे—
"सांगू नकोस," तिघंही एकदम.
मग नाव न सांगता तिनं ते लावलं,
स्वच्छ, धुतलेलं, इस्त्री केलेलं.

"हं," गाणारा म्हणाला.
एकदाच.
आणि निघून गेला पुढे, मागे वळूनही न बघता.
अन्सारमियाँचा गुडघा आपल्या वेळेला टेबलावर आदळला,
स्क्रूंची डबी खाली सांडली,
शिंत्र्यांचा हात समेसाठी हवेतच राहिला,
सम तर केव्हाच येऊन गेली होती.

कुणी बोललं नाही.
मग पागनीसबाई म्हणाल्या, "आवाज चांगला आहे,"
मुलगा नाकारताना म्हणतात तसं.

अक्षतानं स्क्रू वेचले, सगळे, आकाराप्रमाणे लावून.
शिंत्र्यांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा मत फिरवलं,
लोणचं म्हणाले, पण हळूच.
बाईंनी जिना सोडला नाही.
मला कुणी विचारत नाही, मी चहा सांगतो.

तो चरा माझ्या घड्याळाच्या बक्कलचा आहे.
दुसऱ्याच शनिवारी पडला.
तबकडी पुसायची म्हणून घेतली होती हातात,
नवा होतो, छाप पाडायची होती.

नंतर सराफ्यात गराडू खाल्ले, गरम,
जीरावण जास्त घालून.
ते तिघं पुन्हा भांडत होते, टेम्पो की जिना,
दुसऱ्या नंबरसाठी आता.
गराडूवाल्याची कढई रटरटत होती
आणि बाकाखाली
अन्सारमियाँचा गुडघा
तिसऱ्या "हं"ची वाट बघत होता.