डावा, साडेआठ

निवृत्तीला सात महिने उरले असताना
मी बूट शिवायला टाकले.
हिशेब कुणालाच पटेना.
"आता चालत जायचंय कुठे तुम्हांला?" बायको म्हणाली,
आणि तिचं काही चुकत नव्हतं.

पत्ता धुरंधरनं दिलेला,
हाडवैद्याचा द्यावा तसा, आवाज खाली आणून:
ठक्कर बाप्पा कॉलनी, गिरणीमागचा जिना,
वर मांगीलाल नोगिया.
एकदा पाय दाखव त्याला.
बूट घे असं म्हणालाच नाही तो. पाय दाखव.

खोलीत खळीचा वास, मेणाचा, ओल्या चामड्याचा.
भिंतीवर कालबुतं टांगलेली जोडीजोडीनं,
प्रत्येकावर पेन्सिलीनं एक आडनाव.
नोगियानं मोजे काढायला लावले,
जुन्या वहीचं पान फरशीवर पसरलं,
त्यावर माझं पाऊल,
आणि पेन्सिल कडेकडेनं फिरली.
बोटांशी गुदगुल्या झाल्या.
चौतीस वर्षं कोर्टात दुभाषा आहे मी,
माणसांच्या शपथा या भाषेतून त्या भाषेत नेतो,
पण पायाशी असं कुणी वाकलं
की कुठं बघायचं ते कळत नाही.
मी पंखा बघितला.

"डावा साडेआठ हाय, साहेब. उजवा आठ."
"मी आठच घालतो."
"घालत असाल."
एवढं बोलून त्यानं फीत गुंडाळली.

शाळेतले कॅनव्हास, लग्नातले चावरे पंपशू,
सेलमधले सगळे तपकिरी,
डाव्या करंगळीवरचा तो घट्टा,
संध्याकाळी पाचनंतरची माझी चिडचिड
जिला घरात सगळे माझा स्वभाव म्हणत:
अर्धा नंबर.

अठरा हजार. घासाघीस करायला तोंड उघडलं
तेव्हा तो रापीनं चामडं कापत होता
हात न उचलता, एका श्वासात.
मिटलं तोंड.
सहा आठवडे म्हणाला, नऊ लागले.
घरी सहा हजार सांगितले.
तेही जास्त झाले.

पहिल्यांदा घातले त्याच दिवशी दुपारी
फोन आला, धुरंधर गेला.
त्याला दाखवायचे होते.
कोर्टातून तडक खारला, चौथा मजला,
दाराबाहेर चपलांचा खच,
आणि त्यात मी अठरा हजार काढून ठेवले,
भिंतीला लावून, थोडे आडोशाला.

आत कुणी म्हणालं, झोपेतच गेले, सुटले.
मी मान हलवली.
वहिनी रडल्या, मीही रडलो, खोटं नाही,
पण एक कान दाराबाहेर होता.
लिफ्टचं दार वाजलं की
रडणं जरा थांबायचं.

बाहेर आलो तर जागा रिकामी.
सातेक वर्षांची नात उभी, फ्रॉकला हात पुसत.
"आजोबांचे बूट कुणीतरी बाहेर टाकलेले.
मी आत ठेवले."

कपाटातला खालचा खण.
दोन जोड, शेजारी शेजारी,
तोच काळा, त्याच पाच भोकांच्या नाड्या,
एकाच माणसाची टीप.
ते माझे आहेत:
हे वाक्य मला मराठीतून मराठीत
नेता येईना.

खाली बसलो. एकेक उलटा करून आत बघितलं.
तिसऱ्यात जिभेखाली बॉलपेननं, नोगियाच्या अक्षरात,
डा. ८॥
पोरगी बघत होती. रागावली नाही.
खणातून शूहॉर्न काढून पुढे केला,
पितळी, मधे झिजलेला.
"आजोबा असं करायचे. आधी डावा."

टाच आत गेली, हू की चू न करता.

दुसऱ्या मजल्यावर कळलं,
शूहॉर्न माझ्या हातातच आहे.