मागे किती राहिलं

शाफ्टवरचे दोन मायक्रॉन माझ्या बोटांना कळतात,
पण चष्मा काढला तर
समोरचं लेथ म्हणजे धुक्यात बसलेली म्हैस.
त्यात काचेवर कूलंटचे शिंतोडे,
दर अर्ध्या तासाला शर्टाचं टोक.
म्हणून उद्यमबागेतनं सुट्टी टाकून आलो टिळकवाडीला.

तपासणीच्या पोरीनं विचारलं,
"तक्ता कन्नडा का मराठी?"
म्हटलं, "कुठला बी लाव की."
तिनं तिसराच लावला. तीन दातांचा कंगवा,
कधी उताणा, कधी पालथा.
दात कुठल्या अंगाला, तेवढं हातानं दाखवायचं.
पहिल्याच ओळीत दात गळाले.

हुक्केरी मॅडमनी कागद माझ्याकडं फिरवला.
"बुबुळावरची काच चारशे सत्तर. पातळच आहे, सायनेकर."
मायक्रॉन?
"मायक्रॉनच."
तेव्हा कुठं मी खुर्चीत नीट बसलो.

एक तऱ्हा, झाकण उघडून आतनं घासायचं.
झाकणाला एकशे दहा गेले,
साडेपाच नंबरला सत्याहत्तर,
मागे दोनशे त्र्याऐंशी.
"आणि मला तीनशे तरी हवेत."
दुसरीत झाकण नाही, वरूनच घासायचं,
चार दिवस डोळ्यात संकेश्वरी मिरची,
नजर बसायला महिना.
तिसरीत घासणंच नाही, आत भिंग सरकवायचं.
तिचा आकडा ऐकून मी खिडकीबाहेर बघितलं.

"घासलेलं परत भरता येतं?"
मॅडम हसल्या. "तुमच्याकडं येतं?"
नाही.
जास्त घेतलं की जॉब भंगारात
आणि माझं नाव वहीत.

उठताना म्हणाल्या,
"अडतीस ना? दोन वर्षांत चाळिशी लागेल.
तिच्यावर हे लेझर चालत नाही."

रात्रपाळीला नवा जॉब आला.
सवयीनं चष्मा कपाळावर ढकलला,
शाफ्ट वीतभर अंतरावर धरला,
आणि खाचेच्या काठाला केसाहून बारीक बर
लख्ख उभी.
भरमा, तुला कसं रं दिसतंय, म्हणतो शेजारचा निंगाप्पा,
त्याचे डोळे चांगले आहेत.

हेही त्या सत्याहत्तरात जाणार काय,
विचारायचं राहिलं.

कागद खिशात आहे.
चारशे सत्तरवर तेलाचा डाग पडलाय.
गुरुवारी मॅडम असतात.