राखण

तिसऱ्या अंकाचं पहिलं वाक्य
चार दिवस अर्ध्यावर उभं आहे:
नायिका दारात, हातात कंदील,
पुढं काय बोलते ते मला ठाऊक नाही.
वडशाहून कंपनीवाल्याचा फोन,
"मंडईचे सात प्रयोग विकले, लेखक. अंक कुठाय?"
मग त्यानं पाठवलेलं पोस्टर. मग पोस्टरखालचे अंगठे.
मग कुणाच्या तरी वासराला दोन तोंडं.
मग दुपार.

म्हणून आलो आरमोरीच्या पुढं, येनाच्या रानात,
पुस्तकलाच्या राखणीवर.
नावात पुस्तक आणि सही अंगठ्याची.
तिच्या झाडांवर कोशाच्या अळ्या,
हिरव्या, बोटाएवढ्या,
अर्धा तास मला एकही दिसली नाही.
"पाहू नोका," ती म्हणाली, "आयका."
आणि खरंच, रान कुरतडलं जात होतं,
जशी दूर कुणी पाटी घासतंय.

सकाळपासून तिचं एकच काम.
पाखरू बसलं की गुलेल.
मारत नाही. फांदीच्या बाजूनं खडा सोडते,
हुर्र म्हणते,
आणि उडणाऱ्यामागं नजरसुद्धा पाठवत नाही.
"काहून?"
"त्याच्या मांगं पाह्यलं का दुसरं येते, पाठीमांगून."
मग थोड्या वेळानं, मी न विचारता,
"पाखरू सप्पा नाई नेत ना बापा. एकच नेते.
दरखेपी एकच.
सांजेला मोजलं का झाड रिकामं."

मी वही मिटली.

डोंगरीवरच्या मोहाखाली रेंजच्या दोन काड्या मिळतात
हे मला पहिल्याच तासात कळलं होतं,
कुणी सांगितलं नव्हतं, पायांनी शोधलं.
तीनदा जाऊन आलो.
ती खोडाभोवती राख ओढत होती, मुंग्यांसाठी.
पूर्वी बायांना या रानात येऊ देत नसत,
कोसा सडतो म्हणत.
नवऱ्याचा पाय मोडला तेव्हा ती आली. कोसा सडला नाही.
"सडते कशानं, थे मले आता ठाऊक हाय,"
एवढंच म्हणाली, राखेचा हात लुगड्याला पुसत.

दुसऱ्या दिवशी फोन मीच ठेवला
तिच्या खड्यांच्या टोपलीत.
भर दुपारी तो थरथरला,
खडे खुळखुळले,
आणि झाडावरची नजर न काढता
ती ओरडली, "हुर्र!"
आम्ही दोघंही हसत सुटलो.
तेवढ्यात कावळा एक घेऊन गेला.

मावळतीला तिनं एक डहाळी दाखवली, हात न लावता.
अळीनं तीन पानं अंगावर ओढून घेतली होती.
आत डोकं हलत होतं, आठाचा आकडा काढत,
पुन्हा आठ, पुन्हा तोच आठ.
"आता इले कोनी बोलवाचं नाई.
मधात हाललं तं कोसा पोचट होते."
किती दिवस?
"तीन. नाई तं चार. इचारते कोन?"

रात्री खोपीत वही उघडली.
बावीस मिस्ड कॉल टोपलीत, खड्यांखाली.
नायिका अजून दारातच,
कंदिलाची कडी एव्हाना तापली असेल.
मी तिला काही विचारलं नाही.
बाहेर पानं कुरतडणं चालू होतं.
बऱ्याच वेळानं ती म्हणाली,
"कंदील धरा कुणीतरी.
मला दोन्ही हात लागणार आहेत."